मशीन चालू होताना सगळी डिव्हाइसेस आली का? आपोआप तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर चालणारे औद्योगिक पीसी आणि आर्म प्रोसेसरचे बोर्ड ग्राहकाकडे जाण्याआधी तपासणं हे आमचं रोजचं काम. नवीन मुलं रुजू झाली की पहिल्या आठवड्यात हेच प्रश्न विचारतात, ग्राहकही हेच विचारतात. दरवेळी चहा घेता घेता तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. जिथं खाचखळगे जास्त तिथं उत्तर लांबलंय, बाकी ठिकाणी दोन ओळींत आवरलंय.

लॉगिन स्क्रीन आली म्हणजे मशीन बूट झालं. मग तपासायचं काय राहिलं?

जवळजवळ सगळंच. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, घडणच अशी आहे की एखादं डिव्हाइस आलं नाही तर तो त्याला वगळून पुढं जातो. ते बरोबरही आहे. साउंड कार्ड बिघडलं म्हणून सर्व्हर अडून बसला तर कोणाला चालेल? पण त्यामुळं गैरहजर डिव्हाइसची तक्रार कोणी करत नाही. कॅमेऱ्याची केबल निघालेली असेल तर 'कॅमेरा सापडला नाही' अशी ओळ लॉगमध्ये येत नाही, कारण तिथं कॅमेरा असायला हवा होता हे कर्नलला माहीतच नसतं.

वर्गात डोकी मोजली तर अडतीस मुलं आली एवढंच कळतं. कोण आलं नाही हे कळायला बाईंच्या हातात पट लागतो. आपली टेस्ट म्हणजे तो पट घेऊन दर बूटला हजेरी घेणं.

दोन नेटवर्क पोर्ट असलेल्या एका मशीनच्या बाबतीत आम्ही यातच फसलो. कर्नल अपडेट करताना कॉन्फिगमधला एक पर्याय गळला आणि दुसऱ्या पोर्टचा ड्रायव्हर (डिव्हाइस चालवणारा कर्नलचा भाग) बिल्डमध्ये आलाच नाही. आमच्या टेबलावर केबल कायम पहिल्या पोर्टला. तीन आठवडे सगळं हिरवं. ग्राहकाच्या माणसानं दुसऱ्या पोर्टला केबल लावली तेव्हा फोन आला.

'डिटेक्ट झालं' म्हणजे नेमकं काय झालं?

या एका शब्दात चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि निम्मी भांडणं त्यामुळंच होतात.

पहिली, डिव्हाइस बसवर, म्हणजे डिव्हाइसेस जोडणाऱ्या वाटेवर, दिसलं. पीसीआय (मदरबोर्डावरच्या कार्डांची बस) असेल तर कर्नल प्रत्येक जागी जाऊन व्हेंडर आयडी वाचतो. तिथं कोणी नसेल तर सगळे बिट १ मिळतात, म्हणजे एफएफएफएफ. इंटेलचं काही असेल तर ८०८६ मिळतो (हो, त्या जुन्या प्रोसेसरचाच आकडा, कोणीतरी मजेत घेतलेला असणार). यूएसबीमध्ये डिव्हाइस स्वतःच हात वर करतं: डेटाच्या दोनपैकी एका तारेवर त्यानं १.५ किलोओहमचा रेझिस्टर लावून ती वर ओढलेली असते. हबला ते जाणवतं, तो पोर्ट रीसेट करतो आणि मग डिस्क्रिप्टर वाचले जातात.

दुसरी, ड्रायव्हर बसला. डिव्हाइसच्या ओळखीवरून यूडेव्ह (डिव्हाइसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) योग्य ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड करतो, ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन चालतं, ते यशस्वी झालं की सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथं) त्या डिव्हाइसच्या फोल्डरमध्ये 'ड्रायव्हर' नावाची एक लिंक तयार होते. आपोआप तपासणीचा सगळा डोलारा या एका लिंकवर उभा आहे. लिंक आहे की नाही, एवढंच बघायचं.

तिसरी, वापरण्याजोगं काहीतरी समोर आलं: नेटवर्क इंटरफेस, साउंड कार्ड, व्हिडिओ नोड. वायफायमध्ये फर्मवेअरची (चिपमध्ये चढवायच्या सॉफ्टवेअरची) फाइल मिळाली नाही तर गाडी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्येच अडकते.

चौथी, ते खरंच काम करतंय. ती वेगळी टेस्ट आहे. हजेरी घेतानाच परीक्षा घ्यायला गेलात तर टेस्ट इतकी लांबते की लोक ती चालवायची बंद करतात.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर एलएसपीसीआय ही पीसीआय डिव्हाइसेसची यादी देणारी कमांड 'के' पर्याय देऊन चालवा. धडधाकट कार्डाखाली दोन ओळी येतात: 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि 'कर्नल मॉड्यूल्स'. फक्त दुसरीच ओळ दिसली तर समजा, ड्रायव्हर घरात आहे पण कार्डावर बसलेला नाही. दोन्ही नसतील तर ड्रायव्हर बिल्डमध्येच नाही. आमच्या त्या दुसऱ्या पोर्टखाली दोन्ही ओळी नव्हत्या. तीन आठवड्यांत एकदा जरी कोणी पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

बायोस सुरुवातीलाच पोस्ट (मशीनची स्वतःची तपासणी) करतो ना? मग पुन्हा कशाला?

१९८१ च्या आयबीएम पीसीपासून पोस्ट आहे आणि एक छोटी बीप म्हणजे सगळं ठीक, हे जुन्या लोकांच्या कानात बसलंय. पण पोस्टला रस असतो तो मशीन बूट होण्यापुरता: मेमरी, डिस्प्ले, कीबोर्ड, डिस्क. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ड्रायव्हर बसला का, हे तिला कळायचा मार्गच नाही. ती आपलं काम करून केव्हाच बाजूला झालेली असते.

कोणती डिव्हाइसेस असायला हवीत ही यादी आणायची कुठून?

खरं काम हेच. स्क्रिप्ट अर्ध्या दिवसात होते, यादीला आठवडा लागतो.

सोपा रस्ता म्हणजे एक चांगलं मशीन घ्यायचं, त्यावर जे दिसतं ते फाइलमध्ये उतरवायचं आणि बाकीच्यांची तुलना त्याच्याशी करायची. धोका उघड आहे: ते 'चांगलं' मशीनच आजारी असेल तर आजार हाच नियम होतो. म्हणून उतरवलेली यादी हार्डवेअरवाल्यांच्या पार्ट लिस्टशी ताडून बघा. एकेक ओळीवर बोट ठेवून. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं असतं.

लिनक्स कर्नलच्या सोर्समध्येच, सेल्फटेस्ट (कर्नलच्या स्वतःच्या तपासण्या) विभागात, यासाठी एक टेस्ट आहे. ती पायथनमध्ये आहे आणि प्रत्येक मशीनसाठी एक यामल (साध्या मजकुरातली यादी) फाइल वाचते. सोबत नमुन्यादाखल गूगलचा स्फेरियन क्रोमबुक आणि डेलचा एक्सपीएस १३ ९३०० यांच्या फाइली दिल्या आहेत. त्यातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे डिव्हाइसचा पत्ता कसा लिहिलाय. 'बस ३, डिव्हाइस ४' असं लिहिलेलं नाही, कारण यूएसबी बसचा क्रमांक कोणता कंट्रोलर आधी जागा झाला यावर ठरतो, आणि डिव्हाइसचा क्रमांक तर केबल काढून घातली तरी वाढतो. त्याऐवजी आधी कंट्रोलर पक्का ओळखायचा आणि तिथून पुढं कोणत्या पोर्टमधून कोणत्या पोर्टला, हा रस्ता लिहायचा. घराचा नंबर बदलतो, पण 'मारुतीच्या देवळापासून दुसरी गल्ली' बदलत नाही, तसंच.

त्याच फाइलमध्ये यूएसबी डिव्हाइसचे इंटरफेसही वेगवेगळे लिहिलेले असतात. हे बारकं वाटतं, पण यूएसबीत ड्रायव्हर अख्ख्या डिव्हाइसवर नाही, इंटरफेसवर बसतो. माइक आणि बटणं असलेल्या हेडसेटमध्ये आवाजाचे इंटरफेस वेगळे, बटणांचा वेगळा. आवाज येतोय पण बटणं मेली आहेत, असं मशीन एलएसयूएसबी या यूएसबी डिव्हाइसेस दाखवणाऱ्या कमांडच्या साध्या यादीत ठणठणीत दिसतं.

आर्म बोर्डवर डिव्हाइस ट्री असतो. मग यादी आयतीच मिळाली की?

बरीचशी. आय-टू-सी किंवा एसपीआय या बोर्डावरच्या साध्या बसवर असलेली चिप पीसीआयसारखं स्वतःचं नाव सांगत नाही, म्हणून बोर्डावर काय कुठं आहे हे डिव्हाइस ट्रीमध्ये लिहून द्यावंच लागतं. कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये यासाठीही एक स्क्रिप्ट आहे: ट्रीमधला प्रत्येक चालू नोड (एकेका डिव्हाइसची नोंद) बघायचा, त्याच्या 'कंपॅटिबल' नावाला जुळणारा ड्रायव्हर सोर्समध्ये आहे का ते बघायचं, आणि असूनही बसलेला नसेल तर फेल.

मधली पायरी गाळू नका. ट्रीमधल्या कित्येक नोडवर कधीच ड्रायव्हर बसत नाही. काही टायमर आणि इंटरप्ट कंट्रोलर कर्नल अगदी सुरुवातीला वेगळ्या वाटेनं उभे करतो. असे नोड वगळले नाहीत तर पहिल्याच दिवशी ढीगभर खोटे फेल येतात. तरीही काही उरतात, त्यांच्यासाठी दुर्लक्ष करायची वेगळी यादी ठेवलेली असते.

आणि एक भोक राहतंच. ट्री लिहिणाराच एखादा सेन्सर विसरला, किंवा तो नोड 'डिसेबल्ड' ठेवून गेला, तर या टेस्टला त्याचा पत्ता लागत नाही. तिथं पुन्हा पार्ट लिस्टच हवी.

कधी दिसतं, कधी नाही. दहा वेळा रीस्टार्ट मारला तर नऊ वेळा ठीक. काय करायचं?

आमच्या अर्ध्या डोकेदुखीचं नाव हेच.

आधी बघा की टेस्ट घाई करत नाही ना. ड्रायव्हरला लागणारं क्लॉक किंवा रेग्युलेटर (वीज पुरवणारा भाग) अजून तयार नसेल तर तो उणे ५१७ हा कोड परत देतो, म्हणजे 'मला नंतर बोलवा'. ही पुढं ढकलण्याची सोय कर्नलमध्ये ३.४ या आवृत्तीपासून, २०१२ पासून आहे. त्यामुळं बूटच्या आठव्या सेकंदाला गैरहजर असलेलं डिव्हाइस बाराव्या सेकंदाला हजर असू शकतं. यावर लोक स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'स्लीप ३०' टाकतात. नका टाकू. जलद मशीनवर वेळ फुकट जातो, संथ मशीनवर तीसही पुरत नाहीत. यूडेव्हचं काम संपेपर्यंत थांबा, मग यादीतलं प्रत्येक डिव्हाइस येईपर्यंत दर सेकंदाला विचारत राहा आणि वर एक मर्यादा घाला. कोण किती सेकंदांनी आलं तेही लिहून ठेवा. रोज चार सेकंदांत येणारं डिव्हाइस अकरा घ्यायला लागलं, तर फेल व्हायच्या आधीच कुणकुण लागते.

कोण अजून ताटकळतंय हे डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या चुका शोधायच्या फाइलींमधल्या) 'डिव्हाइसेस डिफर्ड' या फाइलमध्ये मिळतं, बहुतेक वेळा कारणासकट. ती फाइल फेल झालेल्या प्रत्येक निकालाला जोडा.

दुसरं, रीस्टार्ट म्हणजे कोल्ड बूट नव्हे. रीस्टार्टमध्ये वीज जात नाही, त्यामुळं चिपमध्ये मघाच्या बूटचं फर्मवेअर आणि सेटिंग तसंच राहू शकतं आणि ड्रायव्हरची चूक झाकली जाते. नुसतं शटडाउनही पुरत नाही, कारण बंद पीसीच्या सप्लायमध्ये ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन जिवंतच असते. खरोखर भिंतीकडची वीज तोडायला हवी. आम्ही रिलेचा बोर्ड वापरतो: वीज तोड, कपॅसिटर रिकामे व्हायला पंधरा सेकंद थांब, पुन्हा दे. बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर चालू हो' हा पर्याय लावायला विसरू नका, नाहीतर रात्री लावलेली टेस्ट सकाळी पहिल्याच फेरीत थबकलेली सापडते. (लोडशेडिंगच्या काळात गावाकडच्या मशीनचे असे कोल्ड बूट फुकटात व्हायचे.)

तिसरं, किती वेळा? पन्नासात एकदा होणारी चूक असेल तर पन्नास बूट करूनही ती न दिसण्याची शक्यता ३६ टक्के उरते. ५ टक्क्यांखाली आणायची तर १५० बूट लागतात. 'वीस वेळा बघितलं, ठीक आहे' हे वाक्य आमच्याकडे कोणी गंभीरपणे घेत नाही.

नेटवर्क इंटरफेसची नावं बदलतात, त्यामुळं टेस्ट फेल होते.

नावावर टेस्ट बांधूच नका. 'ईटीएच०' हे नाव कोणत्या पोर्टला मिळेल हे पूर्वी केवळ शर्यतीवर ठरायचं. सिस्टिमडीनं (बूटच्या वेळी बाकीचं सॉफ्टवेअर सुरू करणारा प्रोग्रॅम) २०१३ मध्ये १९७ या आवृत्तीत स्लॉटवरून नावं द्यायला सुरुवात केली ती म्हणूनच. डिस्कसाठी 'बाय-आयडी' किंवा 'बाय-पाथ' खालच्या लिंक वापरा.

डिव्हाइस दिसतंय, ड्रायव्हर बसलाय, तरी मशीन संथ. टेस्टनं हे पकडायला नको का?

पकडायला हवं, आणि सोपं आहे. सिसएफएसमध्ये यूएसबी डिव्हाइसच्या फोल्डरमध्ये 'स्पीड' नावाची फाइल असते. यूएसबी ३ च्या डिस्कनं तिथं ५००० दाखवायला हवं. ४८० दिसले तर ती यूएसबी २ वर घसरली आहे: केबल चुकीची किंवा संपर्क मळलेले. पीसीआयमध्ये तसंच 'करंट लिंक विड्थ' बघा. चार लेनचं एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) दोन लेनवर चालत असेल तर ते स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही अशी पहिली शंका घ्या.

मात्र ग्राफिक्स कार्डाच्या लिंकचा वेग तपासायला जाऊ नका. काम नसताना वीज वाचवायला ते स्वतःच वेग उतरवतं, आणि तुम्ही दिवसभर नसलेल्या चुकीमागं धावता.

रॅमचंही यातच येतं. डीएमआय माहितीतल्या (फर्मवेअर देतो ती मशीनची नोंद) रॅमच्या पट्ट्यांची बेरीज करा आणि कर्नल सांगतो ती एकूण मेमरी त्याच्या आसपास आहे का बघा. तंतोतंत जुळणार नाही, थोडी मेमरी फर्मवेअर आणि कर्नल आधीच बाजूला काढतात. पण १६ जीबीऐवजी ८ च्या आसपास दिसली तर पट्टी काढा, खोडरबरानं संपर्क घासा, परत बसवा. कोकणातल्या पावसाळ्यानंतर हा उपाय सगळ्या टेस्ट फ्रेमवर्कपेक्षा जास्त मशीन दुरुस्त करतो.

एवढं करण्यापेक्षा डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'एरर' शब्द शोधला तर?

न आलेलं डिव्हाइस एरर लिहीत नाही, हे वर झालंच. उलट व्यवस्थित चालणारी मशीनही दोनचार निरुपद्रवी एरर छापतात, आणि आवृत्ती बदलली की वाक्यंही बदलतात. शब्द शोधण्याऐवजी संदेशाची पातळी बघा: कर्नलच्या प्रत्येक ओळीला गांभीर्याचा आकडा असतो आणि बऱ्याच ओळींना डिव्हाइसचं नावही चिकटलेलं असतं. सेल्फटेस्टमध्ये नेमकी याच तत्त्वावर चालणारी टेस्ट आहे. ती दुसरी चाळणी म्हणून ठेवा.

निकाल हिरवा आहे, पण विश्वास ठेवावा का?

'स्किप' किती आहेत ते आधी मोजा. कर्नलच्या टेस्ट निकाल केटॅप नावाच्या ठरावीक पद्धतीनं लिहितात: प्रत्येक ओळ 'ओके' किंवा 'नॉट ओके', आणि टेस्ट चालवताच आली नाही तर 'स्किप'. अख्खी टेस्ट स्किप झाली तर एक्झिट कोड ४ मिळतो. मशीनसाठी यादीची फाइलच सापडली नाही तर काय करायचं हे स्वतः ठरवा. आम्ही ते फेल धरतो. कारण सुरुवातीला स्किप धरत होतो आणि डॅशबोर्डवर स्किपचा रंग फिकट हिरवा होता.

फाइल का सापडत नाही? पीसीवर फाइलचं नाव डीएमआयमधल्या कंपनीच्या आणि मॉडेलच्या नावावरून बनतं. एक्सपीएससारख्या मशीनमध्ये ते नीट भरलेलं असतं. पण स्वस्त मदरबोर्डात तिथं काय सापडतं माहितीये? 'टू बी फिल्ड बाय ओईएम'. म्हणजे 'कंपनीनं भरावे', आणि कंपनीनं भरलेलं नसतं. आमच्या रॅकमध्ये तीन वेगळ्या बोर्डांची ओळख हीच निघाली आणि तिघांची हजेरी एकाच पटावर चालली होती. आता अशा बोर्डांना आम्ही मदरबोर्डच्या मॉडेलवरून ओळखतो, आणि तेही रिकामं असेल तर हातानं नाव देतो.

तयार साधनं कोणती आहेत?

बूटआरआर हा शेल स्क्रिप्टचा छोटा संच आहे: बोर्डाच्या नावाची फाइल, आत 'हा ड्रायव्हर हवा, हे डिव्हाइस हवं' अशा ओळी. सुरुवात करायला सर्वात सोपा. बोर्डांना वीज देणं, कर्नल चढवणं, सिरियल कन्सोल वाचणं यासाठी लिनारो या संस्थेतून आलेलं 'लावा' नावाचं साधन आहे. अपस्ट्रीम, म्हणजे मूळ प्रकल्पाचा, कर्नल जगभरच्या लॅबमधल्या बोर्डांवर चालवून बघणारा कर्नलसीआय प्रकल्प २०१९ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. उबुंटूचं प्रमाणपत्र देताना कॅनॉनिकल ही उबुंटू बनवणारी कंपनी 'चेकबॉक्स' हे साधन वापरते. पाचदहा मशीन असतील तर यातलं मोठं काही उभारत बसू नका. लॅब सांभाळायलाच एक माणूस लागतो.

शाळेच्या लॅबचे दहा पीसी जोडून द्यायचेत. मला एवढं सगळं हवंय का?

नाही. एका मशीनवर एलएसपीसीआय आणि एलएसयूएसबीचा निकाल घ्या, बस आणि डिव्हाइसचे क्रमांक काढून फक्त आयडी ठेवा, क्रमानं लावून फाइलमध्ये साठवा. बाकी नऊ मशीनवर तेच करून डिफ मारा, म्हणजे फाइलींतला फरक कळेल. एक संध्याकाळ पुरते.

विंडोजवर हे कसं?

डिव्हाइस मॅनेजरचे कोड हेच सांगतात: २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, १० म्हणजे डिव्हाइस सुरू होऊ शकलं नाही. पॉवरशेलमधून तीच यादी काढून तुलना करता येते. दुखणं मात्र तेच: जे आलंच नाही त्याच्यापुढं पिवळं चिन्ह येत नाही.

टेस्ट लाल झाली. पहिलं काय बघू?

बसवर दिसतंय का? नसेल तर केबल, वीज, स्लॉट. सॉफ्टवेअरला हात लावू नका. दिसतंय पण ड्रायव्हर नाही, तर मॉड्यूल बिल्डमध्ये आहे का, आणि डिफर्डच्या यादीत आहे का. ड्रायव्हर बसून पुढं अडलंय, तर लॉगमध्ये फर्मवेअरच्या ओळीत उणे २ शोधा, म्हणजे फाइलच मिळाली नाही. आणि कालपर्यंत चालत होतं, आज फक्त कर्नल बदललाय, तर गिट बायसेक्ट (बदलांची यादी निम्मी निम्मी करत दोषी शोधणारी कमांड). एका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात, पण दरवेळी निम्मे होत असल्यानं साधारण चौदा फेऱ्यांत दोषी बदल हाती लागतो. कधी दिसतं कधी नाही अशी चूक असेल तर प्रत्येक फेरीत अनेक कोल्ड बूट करा, एका बूटवरून 'चांगला' म्हणू नका.

यादीपेक्षा जास्तीचं डिव्हाइस दिसलं तर फेल करायचं का?

इशारा द्या, फेल करू नका. ग्राहक पेनड्राइव्ह लावतो, स्कॅनर लावतो, त्याचा तो हक्क आहे. पण इशारा वाचा मात्र. आमच्या एका यादीत उलटं झालं होतं: नमुन्याचं मशीन उतरवून घेताना एका सहकाऱ्याच्या वायरलेस माउसचा इवलासा रिसीव्हर मागच्या पोर्टमध्ये राहिला होता. तो यादीत गेला, आणि पुढची अख्खी बॅच 'एक डिव्हाइस गैरहजर' म्हणून नापास झाली. दोन दिवस आम्ही यूएसबी कंट्रोलरवर संशय घेत होतो. तो सहकारी दोन दिवस माउस शोधत होता.